पॉझिटिव्ह बोक्याला घरात ठेवायचं की नाही?

वाचकाचं पत्र

आमच्याकडे सहा वर्षांची भाटी आणि तिचा चार वर्षांचा बोका आहे. दोघांची नसबंदी झालेली आहे. भाटी घरातच असते, बोका मात्र गच्चीवरून बाहेर चक्कर मारून येतो. दोन महिन्यांपूर्वी एक थोराड बोका दारात येऊन बसू लागला. एक कान चिरलेला, शेपटीच्या मुळाशी गळू. डॉक्टरांकडे नेलं, गळू साफ करून घेतलं, बरा झाल्यावर नसबंदी केली आणि तेव्हाच रक्ताची चाचणी झाली. ल्युकेमियाच्या विषाणूची निगेटिव्ह, एफआयव्ही या विषाणूची पॉझिटिव्ह. तेव्हापासून त्याला वेगळ्या खोलीत ठेवलंय. सासूबाई म्हणतात, हा मांजरांचा एड्स, सात वर्षांच्या नातीला त्याच्याजवळ फिरकू देऊ नकोस. आमचे हे म्हणतात, बरा झालाय ना, मग आला तिथं सोडून देऊ. एका ओळखीच्यांनी तर इंजेक्शन देऊन झोपवून टाका असं सुचवलं. बोका इतका गरीब आहे की हात पुढे केला की डोकं घासत बसतो. आमच्या दोन्ही मांजरांनी त्याच्या वाटीतलं पाणी एकदा प्यायलंय, त्याचीही धास्ती आहे. काय करू?

उत्तर

आधी तुमच्या ओळखीच्यांचा सल्ला निकालात काढते. नुसत्या चाचणीच्या निकालावर धडधाकट मांजराला झोपवायचं नसतं. हे माझं एकटीचं मत नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स या मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. तुमचा बोका खातोय, अंगावर येऊन डोकं घासतोय, जखम भरून आली आहे. त्याला मारण्याचं कारणच कुठं आहे?

आता सासूबाईंची भीती. ती वाटणं स्वाभाविक आहे, कारण एफआयव्ही आणि माणसांमध्ये एड्स घडवणारा एचआयव्ही, दोघांची नावं जवळजवळ सारखी आहेत आणि विषाणूही एकाच कुळातले. एफआयव्ही म्हणजे फेलाइन इम्युनोडेफिशियन्सी व्हायरस, मांजरांची रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा इथं मांजरांच्या एका निवाऱ्यात मांजरं विचित्र पद्धतीनं आजारी पडत होती, मरत होती आणि ल्युकेमियाच्या चाचण्या मात्र निगेटिव्ह येत होत्या. डेव्हिस इथल्या विद्यापीठातले नील्स पेडरसन, जॅनेट यामामोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मांजरांच्या रक्तातून हा विषाणू वेगळा काढला. तो काळ माणसांमधल्या एड्सच्या धास्तीचा होता, त्यामुळे ‘मांजरांचा एड्स’ हे नाव चिकटलं ते कायमचं. विषाणू मात्र नवा नव्हता. साठच्या दशकात साठवून ठेवलेल्या मांजरांच्या रक्ताच्या नमुन्यांतही नंतर त्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे लोक मांजरांबरोबर राहत होते, ओरबाडून घेत होते, चावून घेत होते आणि हा विषाणू त्या सगळ्या काळात तिथं होताच. माणसाला त्याची लागण झाल्याचं एकही उदाहरण नाही. लागण झालेल्या मांजरांचे चावे आणि ओरखडे आयुष्यभर झेलणाऱ्या आम्हा पशुवैद्यकांचं रक्तही मुद्दाम तपासलं गेलंय, त्यातही काही निघालं नाही. कुत्र्यांनाही तो होत नाही.

तेव्हा नातीला बोक्याशी खेळू द्या. एकच गोष्ट, आणि ती कुठल्याही मांजराला लागू आहे: दात लागला तर जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं चांगली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तिथं काळजी एफआयव्हीची नसते, मांजराच्या तोंडातल्या जंतूंची आणि रेबीजची असते. रस्त्यावरून आलेल्या बोक्याला रेबीजची लस टोचली आहे ना, हे तेवढं बघून घ्या.

घरात कुणाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे कमी असेल, तर मात्र त्यांनी बोक्याची घाण काढू नये. कारण पुन्हा एफआयव्ही नव्हे. अशा मांजराच्या अंगात इतर जंतू ठाण मांडून बसण्याची शक्यता थोडी जास्त असते.

आता निकालाबद्दल. दवाखान्यात दहा मिनिटांत होणारी चाचणी विषाणू शोधत नाही. शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. एकदा लागण झाली की ती आयुष्यभर राहते, त्यामुळे प्रतिपिंडं सापडली म्हणजे विषाणू आहे असा अंदाज बांधतात. बहुतेक वेळा तो बरोबर असतो. पण तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली म्हणजे पिल्लं. आई पॉझिटिव्ह असेल तर तिच्या चिकातून प्रतिपिंडं पिल्लाच्या अंगात येतात, विषाणू मात्र बहुधा येत नाही. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू पॉझिटिव्ह आलं तर वाट पाहायची आणि पुन्हा तपासायचं. दुसरी म्हणजे लस. २००२ मध्ये अमेरिकेत एफआयव्हीची लस बाजारात आली. ती दिलेली मांजरं नेहमीच्या चाचणीत पॉझिटिव्ह येऊ लागली आणि मोठाच घोळ झाला. उत्तर अमेरिकेतून ती पुढे बंद झाली, ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी वापरात राहिली. तुमच्या बोक्याच्या बाबतीत या दोन्ही शंका बाजूला ठेवता येतील.

तिसरी जागा गणिताची आहे आणि तिथं डॉक्टरसुद्धा गडबडतात. समजा, एखादी चाचणी निरोगी मांजरांपैकी शंभरात एकाला चुकून पॉझिटिव्ह ठरवते. घराबाहेर कधीच न गेलेल्या हजार मांजरांत खरी लागण समजा पाचांना आहे. चाचणी त्या पाचांना पकडेल आणि वर साधारण दहा निरोगी मांजरांना विनाकारण पॉझिटिव्ह म्हणेल. पंधरा कागद पॉझिटिव्ह, त्यातले दहा खोटे. हीच चाचणी नसबंदी न झालेल्या, भांडखोर, चाव्याची गळवं घेऊन फिरणाऱ्या हजार बोक्यांवर केली आणि त्यांतले दोनशे खरोखर बाधित असले, तर खोटे निकाल तेवढेच, आठेक येतील, पण खरे दोनशे. तुमचा बोका या दुसऱ्या गटातला आहे. चिरलेला कान आणि शेपटीजवळचं गळू बघता मी त्याचा निकाल खराच धरीन. तरी एकदा पक्कं करून घ्या. वेगळ्या बनावटीच्या किटवर किंवा प्रयोगशाळेत पाठवून दुसरी चाचणी करा. पीसीआर म्हणजे विषाणूचा जनुकीय माग काढणारी चाचणीही असते. ती पॉझिटिव्ह आली तर शिक्कामोर्तब, पण निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही, कारण विषाणूचे वेगवेगळे उपप्रकार आहेत आणि रक्तातलं त्याचं प्रमाण कधीकधी फारच कमी असतं.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. तुमच्या दोन्ही मांजरांची चाचणी झालीय का? पत्रावरून तरी झालेली दिसत नाही. घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलंय की आपली दोघं स्वच्छ आणि आलेला पाहुणा रोगी. पण तुमचा धाकटा बोका गच्चीवरून बाहेर जातो. चार वर्षांत तो कुणाकुणाशी भांडून आलाय हे तुम्हाला ठाऊक नाही. दोघांना तपासून घ्या, एफआयव्ही आणि ल्युकेमिया दोन्हीसाठी. धाकटा पॉझिटिव्ह निघाला तर अर्धा प्रश्न तिथंच बदलतो. निगेटिव्ह निघाला आणि त्याला गेल्या दोन महिन्यांत चावा बसला असण्याची शक्यता असेल, तर शेवटच्या चाव्यापासून साठ दिवसांनी परत तपासा, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला तेवढा वेळ लागू शकतो.

आणि काहीही निघालं तरी त्याचं बाहेर जाणं बंद करा. तुम्ही दारातल्या बोक्याची भीती घालून घेतलीय, गच्चीवरच्या बोक्यांची नाही.

वाटीतल्या पाण्याची धास्ती सोडा. एफआयव्ही मांजराच्या लाळेत असतो हे खरं, पण शरीराबाहेर तो फार काळ तग धरत नाही. साध्या साबणानं, भांडी घासायच्या पावडरीनं मरतो. एका वाटीत खाणं, एका पेटीत शी-शू करणं, एकमेकांना चाटणं यातून तो पसरणं फार विरळा. तो पसरतो चाव्यातून. लाळ थेट मांसात, रक्तात गेली पाहिजे. म्हणूनच तो भाटींपेक्षा बोक्यांमध्ये आणि त्यातही नसबंदी न झालेल्या बोक्यांमध्ये जास्त सापडतो. ल्युकेमियाचा विषाणू याच्या उलट. तो गोडीगुलाबीतून, चाटण्यातून, एका ताटात जेवण्यातून पसरतो. ती चाचणी निगेटिव्ह आली ही तुमच्यासाठी खरी आनंदाची बातमी आहे आणि पत्रात तुम्ही ती एका शब्दात उरकली आहे.

तेव्हा घरात ठेवायचं की नाही, याचं उत्तर रक्ताच्या कागदावर नाही. ही तिघं भांडणार का, यावर आहे.

त्यासाठी घाई करू नका. नसबंदीनंतर बोक्याची रग उतरायला काही आठवडे जातात, तोवर तो भिंतीवर लघवीचे फवारेही मारेल. तोपर्यंत वेगळी खोली आहे ती उत्तम. मऊ फडकं त्याच्या गालांवर फिरवा आणि ते तुमच्या दोघांच्या जागेवर ठेवा, त्यांचं फडकं त्याच्या खोलीत. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी खायला घाला. फडक्याकडे आणि दाराकडे दुर्लक्ष करून तिघं निवांत खाऊ लागली की मग जाळीतून समोरासमोर भेट, आणि त्यानंतर तुमच्या डोळ्यांसमोर थोडा थोडा वेळ एकत्र. खायच्या वाट्या वेगळ्या आणि लांब ठेवा, मातीच्या पेट्या तीन मांजरांना चार ठेवा. हे सगळं विषाणूसाठी नाही, वाद टाळण्यासाठी.

भाटी फिस्कारणार, पंजा मारणार. मारू दे. वयात आलेली भाटी नव्या बोक्याला घराचे नियम असेच शिकवते, आणि त्यात लाळेचा संबंध येत नाही. तुम्ही घाबरायचं ते निराळ्या गोष्टीला: कान डोक्याला चिकटवून एकमेकांवर झेप घेणं, गुंडाळी होऊन लोळणं, केसांचे पुंजके उडणं आणि त्यानंतर एकानं कोपऱ्यात जाऊन लपणं. असं झालं तर त्याच दिवशी बोटं केसांत उलटी फिरवून अंग चाचपा. मान, पुढच्या पायांचा वरचा भाग, शेपटीचं मूळ. मांजराचा सुळा लांब आणि बारीक असतो, त्यामुळे चाव्याचं भोक टाचणीएवढं दिसतं आणि एकदोन दिवसांत वरून मिटतं. डोळ्यांना काही दिसत नाही. बोटाला लागते ती खपली आणि तिला चिकटून कडक झालेली चार केसांची जुडी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याखाली गरम, दुखरी गाठ येते आणि मग पू. खपली सापडली की डॉक्टर, आणि साठ दिवसांनी चाचणी.

असे खरे चावे पुन्हा पुन्हा होत असतील, तर मी तुम्हाला भीड न ठेवता सांगेन की या घरात तिघं एकत्र नकोत. मग घराचे दोन भाग करा, किंवा एकच मांजर हवं असलेलं चांगलं घर त्याच्यासाठी शोधा. पण नसबंदी झालेल्या, माणसाळलेल्या बोक्यांमध्ये अशी वेळ कमी येते. हातावर डोकं घासणाऱ्या बोक्यांना भांडणापेक्षा गादी प्रिय असते, हा माझा अनुभव.

तुमच्या यजमानांनी सुचवलेला मार्ग मला सगळ्यात कमी पटतो. नसबंदीमुळे तो आता कमी भांडेल हे मान्य. रस्त्यावरच्या मांजरांची नसबंदी करून परत सोडणारे कित्येक गट ही चाचणी करतच नाहीत, कारण भांडणं कमी केली की विषाणूचं पसरणं आपोआप कमी होतं. पण ते मांजर माणसाला हात लावू न देणारं असतं, त्याला दुसरा पर्याय नसतो. तुमच्याकडचा बोका तसा नाही. बाहेर त्याला रोज नवे जंतू भेटतील, आणि त्यांच्याशी लढायची त्याची ताकद हळूहळू कमी होत जाणार आहे.

हळूहळू म्हणजे किती, हे आता सांगते. लागण झाल्यावर पहिल्या एक ते तीन महिन्यांत थोडा ताप येतो, मानेखालच्या आणि गुडघ्यामागच्या गाठी सुजतात, मांजर मलूल होतं. बहुतेकांचा हा काळ कुणाच्या लक्षातही येत नाही. मग वर्षानुवर्षं काहीच घडत नाही. आत मात्र विषाणू रोगप्रतिकार यंत्रणेतल्या टी पेशी, विशेषतः सीडी-४ नावाच्या, थोड्या थोड्या कमी करत असतो. काही मांजरांत ही घसरण पुढे आजारात उतरते. अनेकांत ती वेळ येतच नाही, ती म्हातारपणानं किंवा मूत्रपिंडाच्या नेहमीच्या दुखण्यानं जातात. बाधित आणि निरोगी मांजरांचं आयुष्यमान ताडून पाहणाऱ्या अनेक अभ्यासांत फार फरक दिसलेला नाही. लिम्फोमा नावाच्या कर्करोगाचा धोका मात्र सुमारे पाच पटीनं वाढतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

बिघाडाची पहिली खूण बहुतेक वेळा तोंडात दिसते. आठवड्यातून एकदा त्याचा ओठ अंगठ्यानं वर उचलून बघा. निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते आणि दातापाशी नीट बसलेली असते. दाताच्या कडेला लाल रेघ दिसू लागली, तर ती सुरुवात. पुढे लाली जबड्याच्या कोपऱ्यात घशाकडे सरकते, तिथलं मांस फुगून दाणेदार होतं, लाळेला घाण वास येतो, मांजर खाण्याकडे धावत येतं आणि एक घास घेऊन मागे सरतं. अशा वेळी नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांवर महिने काढू नका. दात साफ करून घेणं, आणि गरज पडली तर बरेचसे किंवा सगळे दात काढून टाकणं, हा ऐकायला क्रूर वाटणारा उपाय कित्येकांना पुन्हा जेवायला लावतो. बिनदाताचं मांजर मऊ खाणं मजेत खातं. आणि चावू शकत नाही, हा तुमच्या घरातला जादा फायदा!

दुसरी खूण काट्यावर दिसते. लहान बाळांचा वजनकाटा मिळाला तर उत्तम, माणसांच्या काट्यावर शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक कळत नाही. महिन्यातून एकदा वजन लिहून ठेवा. पाच किलोच्या बोक्याचं तीनशे ग्रॅम वजन उतरणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं साडेतीन किलोंहून जास्त उतरणं.

सहा महिन्यांनी एकदा डॉक्टरांकडे न्या, वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासा. जंत आणि पिसवांचं औषध वेळेवर द्या. कच्चं मांस आणि कच्ची अंडी नकोत, त्यातले जंतू धडधाकट मांजर पचवून टाकतं, याला कदाचित जमणार नाही. घरात उंदीर मारायला प्रोत्साहनही देऊ नका. लसी कोणत्या आणि कधी, हे तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या. मी स्वतः अशा मांजरांना शक्यतो निर्जीव विषाणूच्या लसी देते.

उरला औषधांचा प्रश्न. हा विषाणू शरीरातून काढून टाकणारं औषध नाही. झिडोव्हुडीन हे माणसांच्या एचआयव्हीवरचं औषध काही मांजरांना, विशेषतः तोंडाच्या जखमा किंवा मेंदूची लक्षणं असलेल्यांना, उपयोगी पडतं. पण त्यानं रक्त कमी होऊ शकतं, म्हणून वारंवार रक्त तपासत द्यावं लागतं. तुमच्या बोक्याला आज त्याची गरज नाही. ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ बाटल्या दुकानात पुष्कळ मिळतील. त्यांवर घालवायचे पैसे दातांच्या तपासणीसाठी ठेवा.

एक औषध मात्र नावानिशी लक्षात ठेवा: ग्रायसिओफल्व्हिन. गजकर्णासारख्या बुरशीवर देतात. एफआयव्ही असलेल्या मांजरांत त्यानं अस्थिमज्जेला गंभीर इजा होऊ शकते, आणि रस्त्यावरून आलेल्या मांजराला गजकर्ण होणं काही दुर्मीळ नाही. स्टेरॉइडची इंजेक्शनंही सहज म्हणून टोचून घेऊ नका. त्याच्या फाइलच्या पहिल्याच पानावर एफआयव्ही पॉझिटिव्ह असं ठळक लिहून ठेवा, आणि सुट्टीच्या दिवशी अनोळखी डॉक्टरांकडे जावं लागलं तर पिंजरा टेबलावर ठेवण्याआधी ते तोंडानं सांगा.